लहान मुलांचा टी-शर्ट आणि पायजमा: होजिअरी कापड शिवायला शिकताना

मुलाच्या कपड्यांतला जो टी-शर्ट दोरीवरून उतरताच पुन्हा अंगात घातला जातो, तो एकदा उलटा करून नीट पाहावा. त्याच्या खांद्याची शिवण बोटाला जेमतेम जाणवते, गळ्याची पट्टी ओढली की डोक्याएवढी होते आणि सोडली की पुन्हा जागेवर बसते, काखेत कापडाचा गठ्ठा नसतो आणि मानेला टोचणारे लेबल एक तर मुळातच नसते किंवा कोणीतरी केव्हाच कापून टाकलेले असते. शिवायला नव्याने शिकणाऱ्याची नजर कपड्याच्या सुलट बाजूवर असते, पण मुलाच्या अंगाला दिवसभर लागते ती उलट बाजू. पुढच्या सगळ्या सूचना त्या बाजूचा विचार करून दिल्या आहेत आणि त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: कापड जितके ताणले जाते, तितकीच त्याची शिवणही ताणली गेली पाहिजे.

यासाठी ओव्हरलॉक मशीन, म्हणजे शिवता शिवता कड छाटून तिच्यावर दोरा गुंडाळणारे मशीन, असलेच पाहिजे, असे नाही. नागमोडी म्हणजे झिगझॅग टाका घालणारे साधे घरगुती मशीन पुरेसे होते, आणि फक्त सरळ टीप मारणाऱ्या मशीनवरही थोड्या काळजीने हे काम साधते.

कापडाची ओळख

मागावर विणलेल्या सुती कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांना ओलांडून जातात, त्यामुळे ते कापड ताण देत नाही. होजिअरी कापड हे हाताने सुयांवर विणलेल्या स्वेटरसारखे, फाशात फासा ओवून तयार होते; ओढले की हे फासे उघडतात आणि सोडले की मिटतात. सगळा ताण या फाशांतून येतो, म्हणूनच या कापडाला इजा होऊ द्यायची नसेल तर फासा तुटू न देणे हे पहिले पथ्य आहे.

मुलांच्या कपड्यांसाठी प्रामुख्याने तीन प्रकार लागतात. सिंगल जर्सी हे नेहमीच्या टी-शर्टचे पातळ कापड असून त्याच्या सुलट बाजूला बारीक उभ्या रेघा आणि उलट बाजूला आडव्या कमानी दिसतात. इंटरलॉक दोन्ही बाजूंनी सारखे दिसते, थोडे जाड असते आणि त्याच्या कडा गुंडाळत नाहीत. रिब हे उभ्या उंच-सखल रेघांचे, सर्वांत जास्त ताण देणारे कापड गळ्याच्या व मनगटाच्या पट्ट्यांसाठी वापरतात. पहिलाच कपडा शिवणाऱ्याने इंटरलॉक घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण सिंगल जर्सी कापताक्षणी गुंडाळू लागते आणि नवशिक्याचा निम्मा वेळ कडा सरळ करण्यातच जातो. या गुंडाळण्याचा एक उपयोगही आहे: आडवी कापलेली कड दोन्ही हातांनी ओढली की ती सुलट बाजूकडे वळते, त्यामुळे रंगीत साध्या कापडाची सुलट बाजू कोणती हा प्रश्न लगेच सुटतो.

वजन पाहताना चौरस मीटरला किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम, हा आकडा विचारावा. साधारण 160 ते 200 जीएसएमचे कापड टी-शर्ट आणि पायजमा दोन्हींना चालते. त्याहून पातळ कापड शिवताना सरकते आणि जाड कापड अंगावर जड होते.

ताण मोजण्यासाठी कापडाची आडवी घडी घालून, घडीवरचे 10 सेंमी अंतर दोन चिमटींत धरावे आणि जोर न लावता, कापड आपणहून थांबेल तिथपर्यंत ओढून पट्टीवर पाहावे. 10 चे 13 सेंमी झाले तर ताण 30 टक्के आहे. चिमूट सोडल्यावर ते पुन्हा 10 वर येते की 11 वरच रेंगाळते, हे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण जे कापड परत येत नाही त्याच्या पायजम्याला गुडघ्यावर दोन दिवसांत झोळ पडतो. सुती धाग्यात 5 टक्क्यांच्या आसपास इलास्टेन मिसळलेले असेल तर कापड चांगले परत येते. हा ताणला जाणारा धागा जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने 1958 मध्ये तयार केला. तान्ह्या बाळासाठी मात्र शुद्ध सुती इंटरलॉकच मला जास्त आवडते.

कापड आणल्याबरोबर कात्री लावू नये. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात लांबीला शंभर सेंमीमागे 5 ते 8 सेंमी सहज आटते, म्हणजे 60 सेंमी लांबीचा पायजमा तीन ते पाच सेंमीने आखूड होऊ शकतो. शिवून झालेला कपडा ज्या पद्धतीने धुतला जाणार आहे, त्याच पद्धतीने कापड आधी धुवावे, आडवे पसरून वाळवावे आणि इस्त्री करताना ती सरकवत न नेता उचलून उचलून ठेवावी. सरकवली तर कापड ताणले जाते आणि त्या ताणलेल्या अवस्थेतच बेतले जाते.

सुई, दोरा आणि टाका

माझ्या हातचा पहिला टी-शर्ट सुलट बाजूने अगदी नेटका दिसत होता. मी तो नेहमीच्या टोकदार सुईने, सुती दोऱ्याने आणि सरळ टीपेने शिवला होता. मुलीच्या डोक्यावरून तो ओढला तेव्हा कट्, कट्, कट् असे तीन बारीक आवाज आले, पट्टी तिच्या कानांवर अडली आणि ती घाबरून रडू लागली. कपडा काढून पाहिला तर कापड शाबूत होते, पण गळ्याच्या शिवणीचा दोरा तीन जागी तुटलेला होता. पुढे दोन धुण्यांनंतर खांद्याच्या टीपेलगत टाचणीच्या टोकाएवढी भोकेही दिसू लागली. दोरा का तुटला आणि भोके का पडली, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत या कामाचे बरेचसे तंत्र आहे.

भोके सुईमुळे पडतात. टोकदार सुई फाशाचा धागा चिरून आत जाते, आणि एक फासा तुटला की त्याच्या शेजारचे फासे हळूहळू उसवत जातात. बॉलपॉइंट सुईचे टोक किंचित गोल असते, त्यामुळे ती धाग्याला बाजूला सारून दोन फाशांमधून वाट काढते. जर्सी व इंटरलॉकसाठी 75/11 किंवा 80/12 आणि जाड कापडासाठी 90/14 क्रमांकाची सुई घ्यावी. कापडात इलास्टेन असेल आणि बॉलपॉइंट सुईनेही मधले टाके सुटत असतील, तर स्ट्रेच सुई लावावी. लवचीक कापड सुईबरोबर वर-खाली होते, सुईमागे दोऱ्याचा फासा नीट तयार होत नाही आणि खालच्या शटलच्या टोकाला तो सापडत नाही, म्हणून टाका सुटतो. स्ट्रेच सुईची घडण हा फासा मोठा व्हावा अशी केलेली असते. दर दोन-तीन कपड्यांनंतर सुई बदलावी.

दोरा तुटतो तो त्याच्यात ताण नसल्यामुळे. म्हणून वर आणि बॉबिनमध्ये, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळात, दोन्हीकडे चांगल्या प्रतीचा पॉलिएस्टर दोरा वापरावा. केवळ दोरा बदलून मात्र भागत नाही. सरळ टीपेत दोरा कापडाला समांतर, ताठ पडलेला असतो, तर नागमोडी टाक्यात तो वळणे घेत जातो आणि कापड ओढले की ही वळणे सरळ होऊन शिवणीला लांबी मिळते. शिवणीसाठी टाक्याची रुंदी अर्धा ते 1 मिमी आणि लांबी अडीच मिमी ठेवावी. इतका अरुंद नागमोडी टाका सुलट बाजूने जवळजवळ सरळच दिसतो. ज्यांच्या मशीनवर फक्त सरळ टीप आहे, त्यांनी टाक्याची लांबी 2 मिमीपर्यंत कमी करावी, सुईच्या पुढे आणि मागे कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून धरत शिवावे आणि त्याच टीपेशेजारी दुसरी टीप मारावी. लहान टाक्यांत दोरा जास्त खर्च होतो आणि तोच जास्तीचा दोरा पुढे ताणाच्या कामी येतो.

नागमोडी टाक्याने शिवताना मात्र कापड मुळीच ओढू नये. मशीनच्या दातांना ते आपल्या गतीने नेऊ द्यावे आणि हातांनी फक्त दिशा द्यावी. शिवण लहरी होऊन पसरली, तर दाबपट्टीचा दाब कमी करून पाहावा. तशी सोय नसेल तर कापडाखाली पातळ कागदाची पट्टी घालून शिवावे आणि नंतर कागद अलगद फाडून काढावा. थोडीफार राहिलेली लहर वाफेच्या इस्त्रीने बसते.

प्रत्यक्ष कपड्याला हात घालण्यापूर्वी त्याच कापडाच्या दोन तुकड्यांवर 20 सेंमी लांबीची शिवण घालावी, ती कानाजवळ धरून शक्य तितकी ओढावी आणि ऐकावे. एकही टाका तुटल्याचा आवाज आला नाही, तरच पुढे जावे. आवाज आला तर टाका थोडा रुंद करावा, वरच्या दोऱ्याचा ताण कमी करावा आणि पुन्हा ओढून पाहावे. या दहा मिनिटांचा कंटाळा करू नये, एवढी कळकळीची विनंती आहे.

मापे, नमुना आणि बेतणे

छाती, कंबर, सीटचा घेर, खांद्यापासून मनगटापर्यंत बाहीची लांबी, मानेच्या मागच्या हाडापासून टी-शर्टची लांबी, आणि मांड्यांच्या सांध्यापासून घोट्यापर्यंत पायाची आतली लांबी, ही मापे सर्वांच्या लक्षात असतात. राहून जाते ते डोक्याचे माप. लहान मुलाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असते. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण 51 सेंमी असतो आणि छातीचा घेर त्याहून फार जास्त नसतो. टेप भुवयांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून फिरवून हे माप घ्यावे आणि ठळक लिहून ठेवावे.

नमुना काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे मुलाला नीट बसणारा एखादा होजिअरी कपडा कागदावर ठेवून त्याची आकृती काढणे. टी-शर्ट मधोमध घडी घालून पुढची व मागची बाजू वेगवेगळी उतरवावी, कारण पुढचा गळा खोल असतो. पायजमा उतरवताना त्याचे इलॅस्टिक पूर्ण ताणून टाचण्यांनी धरावे. ताणले नाही तर कंबरेपाशी नमुना अरुंद निघतो आणि नवा पायजमा सीटवरून वरच चढत नाही. आकृतीभोवती सगळीकडे 1 सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला जास्तीचे कापड, सोडावी. टी-शर्टच्या खालच्या कडेला आणि बाहीला दुमडीसाठी अडीच सेंमी, आणि पायजम्याच्या वरच्या कडेला 3 सेंमी ठेवावे.

मापावरून नमुना तपासायचा असेल तर हिशेब सोपा आहे. छाती 56 सेंमी असलेल्या, म्हणजे साधारण 104 सेंमी उंचीच्या मुलाच्या दिवसाच्या टी-शर्टचा तयार घेर 62 ते 64 सेंमी असावा. घेर 62 धरला तर घडीवर ठेवायचा प्रत्येक भाग त्याच्या चौथाईएवढा, म्हणजे साडेपंधरा सेंमी आणि वर 1 सेंमी माया, असा साडेसोळा सेंमी रुंद निघतो. रात्री घालायच्या कपड्याला 2 ते 4 सेंमी सैलपणा पुरतो, त्याचे कारण पुढे येईल.

बेतताना जास्त ताणाची दिशा नेहमी अंगाभोवती, म्हणजे आडवी जायला हवी. बहुतेक होजिअरी कापड रुंदीत जास्त ताणले जाते, तरीही प्रत्येक वेळी ओढून खात्री करून घ्यावी. कापड टेबलावर पूर्ण टेकलेले असावे, कारण कडेवरून लोंबणारा भाग आपल्या वजनाने वरच्या भागाला ताणतो आणि कापल्यावर तुकडे आखूड होतात. 150 सेंमी रुंदीच्या कापडात या मापाचा लांब बाहीचा टी-शर्ट आणि पायजमा मिळून दीड मीटरमध्ये बसतात. टाचण्या मायेच्या आतच टोचाव्यात, कात्री धारदार असावी, आणि मुंढा (जिथे बाही जोडली जाते ती वळणदार कड), बाहीचा माथा व पायजम्याच्या मागच्या भागावर खडूने खुणा करून ठेवाव्यात. पायजम्याचे पुढचे आणि मागचे भाग इतके सारखे दिसतात, की खूण नसेल तर अनुभवी माणूसही फसतो.

टी-शर्ट जोडणे

आधी खांदे. पुढचा व मागचा भाग सुलट बाजू आत करून ठेवावा आणि खांद्याच्या शिवणीत, उलट बाजूला, न ताणणाऱ्या पातळ सुती कापडाची 1 सेंमी रुंद पट्टी धरून शिवावे. संपूर्ण कपड्याचे वजन खांद्यांवर येते, त्यामुळे एवढी एक शिवण ताणली जाऊ द्यायची नसते. नाहीतर काही धुण्यांनंतर खांदे कोपराकडे उतरू लागतात.

यानंतर गळा, आणि येथे घाई अजिबात करू नये. गळ्याचा घेर मोजताना टेप कापलेल्या कडेवर न ठेवता, कडेपासून 1 सेंमी आत, जिथे टीप बसणार आहे त्या रेषेवर उभा धरून फिरवावा. गळा आतल्या बाजूला वळलेला असल्यामुळे ही रेषा कडेपेक्षा लांब असते. समजा तो घेर 40 सेंमी आला. रिबची पट्टी त्याच्या 85 टक्के, म्हणजे 34 सेंमी घ्यावी, त्यात दोन्ही टोकांची मिळून 2 सेंमी माया मिळवून 36 सेंमी लांब आणि 5 सेंमी रुंद कापावी. आता डोक्याचा घेर आठवावा: 34 ची पट्टी 51 पर्यंत गेली पाहिजे, म्हणजे तिला दीडपट ताणले जावे लागते. चांगली रिब हे सहज करते. टी-शर्टच्याच कापडाची पट्टी लावायची असेल आणि त्याचा ताण 30 टक्केच असेल, तर ती डोक्यावरून जाणार नाही. अशा वेळी गळा मोठा आणि खोल घ्यावा किंवा खांद्यावर टिचबटणांची फट ठेवावी. तान्ह्या बाळासाठी पुढचा आणि मागचा खांदा एकमेकांवर चढवून, पाकिटाच्या झाकणासारखा उघडणारा गळा करतात, तो मोठ्या डोक्याच्या या अडचणीवरचाच उपाय आहे आणि वेळ पडली तर तो कपडा पायांकडूनही काढता येतो.

पट्टीची टोके जोडून गोल तयार झाला, की तो गळ्याला लावण्याआधी मुलाच्या डोक्यावरून एकदा घालून काढावा. नुसता गोल जर कानांवर अडत असेल, तर शिवल्यावर तो नक्कीच अडेल.

मग पट्टी लांबीत, उलट बाजू आत करून दुमडावी आणि इस्त्री करावी. पट्टीचे चार समान भाग करून टाचण्यांनी खुणा कराव्यात. तसेच चार भाग गळ्याचेही करावेत. खांद्याच्या शिवणी गळ्याच्या चौथाईवर येत नाहीत, कारण पुढचा गळा मागच्यापेक्षा लांब असतो, म्हणून खांद्यांना खूण मानू नये. पट्टीची शिवण मागच्या मध्यावर ठेवून खुणेला खूण जुळवावी, पट्टीच्या दोन्ही कच्च्या कडा गळ्याच्या कच्च्या कडेशी मिळवाव्यात आणि पट्टी वरच्या बाजूला राहील अशा रीतीने शिवायला घ्यावे. दोन टाचण्यांच्या मध्ये फक्त पट्टी ताणावी, तीही गळ्याच्या कापडाला चुण्या पडणार नाहीत इतपतच. गळ्याचे कापड स्वतः ताणले गेले तर ते लाटेसारखे उभे राहते आणि इस्त्रीनेही बसत नाही. ज्यांना हाताचा भरवसा वाटत नाही, त्यांनी आधी धावदोरा घालून पट्टी बसवावी आणि मगच मशीन चालवावे. शिवल्यावर माया 6 मिमीपर्यंत छाटावी, खालच्या बाजूला वळवावी आणि शिवणीपासून 3 मिमी अंतरावर, टी-शर्टच्या अंगावर, अरुंद नागमोडी टीप मारावी. त्यामुळे माया आडवी बसते आणि मानेला घासत नाही. ज्या मुलाची मान फार नाजूक असेल, त्याच्यासाठी मागच्या गळ्याच्या शिवणीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, मऊ जर्सीची बारीक पट्टी आतून लावून शिवण पूर्ण झाकून टाकावी.

बाही बाजू बंद करण्याआधी, कपडा सपाट असतानाच लावावी. माथ्याची खूण खांद्याच्या शिवणीशी आणि टोके मुंढ्याच्या टोकांशी जुळवली की बाही निमूटपणे बसते. त्यानंतर बाहीच्या तोंडापासून काखेपर्यंत आणि तेथून खाली टी-शर्टच्या तळापर्यंत एकच सलग शिवण घालावी. काखेत पुढच्या आणि मागच्या मुंढ्याची माया विरुद्ध दिशांना वळवावी, म्हणजे चार पदर एकावर एक येऊन गाठ होत नाही. होजिअरीच्या कडा मागाच्या कापडासारख्या सुटून येत नाहीत, त्यामुळे प्रत्येक कडेवर दोऱ्याचा थर चढवण्याची गरज नसते; माया 6 मिमीपर्यंत छाटून दोन्ही कडांवर मिळून एक रुंद, सैल नागमोडी टाका घातला तरी पुरे, आणि जितका दोरा कमी तितकी शिवण मऊ. ओव्हरलॉक मशीन वापरणाऱ्यांनी खालच्या लूपरमध्ये वुली नायलॉन हा फुगीर, मऊ दोरा घालून पाहावा.

दुमडीसाठी जोडसुई, म्हणजे एकाच दांड्यावर दोन सुया असलेली सुई, सर्वांत चांगली. तिच्या वर दोन दोरे आणि खाली एकच बॉबिन असते, आणि खालचा दोरा दोन रांगांमधून नागमोडी जात असल्यामुळे दुमड ताण देते. 4 मिमी अंतराची, स्ट्रेच प्रकारची जोडसुई घ्यावी, अडीच सेंमी कापड एकदाच आत दुमडून इस्त्री करावे, सुलट बाजूने सावकाश टीप मारावी आणि आतली जास्तीची कड टीपेलगत छाटावी. दोन रांगांमध्ये कापड वरंब्यासारखे उचलले गेले, तर दोऱ्याचा ताण कमी करावा. जोडसुई लावल्यावर पहिला टाका हाताने चाक फिरवून घ्यावा, कारण मशीनच्या पट्टीचे भोक रुंद नसेल तर सुई त्यावर आपटून तुटते. फक्त सरळ टीपेच्या मशीनवर हे हमखास होते.

पायजमा

पायजमा हा शब्द फारसीतून आला आहे, पाय आणि जामा मिळून पायांचे वस्त्र. टी-शर्टपेक्षा हे काम सोपे असून पहिला दिवस पायजम्यापासून सुरू करणे जास्त शहाणपणाचे ठरते. लहान मुलांच्या पायजम्याला बाहेरच्या बाजूची शिवण नसली तरी चालते. पुढचा व मागचा भाग बाहेरच्या कडेला जोडून एका पायाचा एकच नमुना करावा. मागच्या आसनाचा, म्हणजे कंबरेपासून दोन्ही पायांच्या मधल्या सांध्यापर्यंतच्या शिवणीचा, वाक पुढच्यापेक्षा लांब आणि मागची कंबर सुमारे 3 सेंमी उंच असू द्यावी, नाहीतर मूल उकिडवे बसले की पायजमा मागून खाली सरकतो. लंगोट वा डायपर घालणाऱ्या बाळासाठी हा वाक आणखी 2 सेंमी वाढवावा.

प्रत्येक पायाची आतली शिवण आधी घालावी. मग एक पाय सुलट करावा, तो दुसऱ्या उलट्या पायाच्या आत सरकवावा, म्हणजे सुलट बाजूला सुलट बाजू भिडते, आणि आसनाची शिवण पुढच्या कंबरेपासून मागच्या कंबरेपर्यंत एकसलग घालावी. खेळताना, घसरताना, चढताना सर्वांत जास्त ओढ याच शिवणीवर येते, म्हणून तिच्याशेजारी 3 मिमीवर दुसरी टीप घालावी.

कंबरेसाठी 2 सेंमी रुंद, मऊ, विणलेले इलॅस्टिक घ्यावे. वरची कड 3 सेंमी आत दुमडून तळाशी टीप मारली की अडीच सेंमीचा नेफा तयार होतो. मागच्या बाजूला 5 सेंमी जागा उघडी ठेवावी. इलॅस्टिक कंबरेपेक्षा 4 ते 5 सेंमी कमी आणि त्यात 2 सेंमी एकावर एक चढवण्यासाठी, असे कापावे. 52 सेंमी कंबरेला 50 सेंमीचा तुकडा होतो. सेफ्टी पिनने ते ओवून टोके आधी पिनेनेच जोडावीत, पायजमा मुलाला घालून थोडा वेळ बसू द्यावे आणि पोटावर लाल वळ उमटतो का ते पाहावे. वळ उमटला तर इलॅस्टिक घट्ट आहे. ते सैल करून मगच टोके शिवावीत, फट बंद करावी आणि दोन्ही कुशींना नेफ्यावर उभी टीप मारावी, म्हणजे आतले इलॅस्टिक पिळवटत नाही. मागच्या बाजूला फितीचा एक लहानसा तुकडा सपाट शिवून ठेवला, की मूल स्वतःच्या हाताने पायजमा बरोबर घालू शकते.

घोट्याला नुसती दुमड घालण्यापेक्षा रिबची पट्टी लावणे मला अधिक पटते. चौथ्या वर्षानंतर मुले वर्षाला साधारण 5 ते 6 सेंमी उंच होतात आणि कंबर मात्र त्या मानाने फार कमी वाढते, त्यामुळे पायजमा कंबरेला बसत असताना पायात आखूड होतो. घोट्याची पट्टी दुप्पट उंच ठेवली तर पहिल्या वर्षी ती वर मुडपता येते आणि पुढच्या वर्षी उघडता येते. पायाच्या तोंडाच्या 80 ते 85 टक्के लांबीची ही पट्टी गळ्याच्याच रीतीने, चार भाग करून लावावी.

रात्रीच्या कपड्यांबद्दल

सैल, झिरझिरीत सुती कपड्याची कड ज्योतीजवळ पटकन जाते, आणि आतल्या हवेमुळे ती लवकर पेटते. अंगाला लागून बसणाऱ्या कपड्याला हा धोका कमी असतो. अमेरिकेत 9 महिन्यांच्या मापापुढील मुलांच्या रात्रीच्या कपड्यांचे कापड एक तर ज्वालारोधक असावे किंवा त्यांचा बेत अंगाबरोबर असावा, असा नियम याच कारणासाठी आहे. म्हणून झोपण्याच्या टी-शर्टला आणि पायजम्याला जास्त सैलपणा देऊ नये, झालरी लावू नयेत आणि बाह्या मनगटाशी रिबने आवळाव्यात. लहान मुलांच्या कपड्यांना गळ्याशी किंवा टोपीला नाडी, दोरी लावूच नये. युरोपातील ईएन 14682 हे मानक सात वर्षांखालील मुलांसाठी तिला मनाई करते, कारण ती अडकून गळा आवळला जातो. कंबरेला शोभेची नाडी हवीच असेल तर तिची सपाट फूलगाठ करून ती शिवून टाकावी. तीन वर्षांखालील मुलाच्या कपड्याला बटणे टाळावीत. लावलीच तर दर धुण्यानंतर ओढून पाहावीत.

कपडा तयार झाल्यावर मुलाला घालून हात वर करायला, उकिडवे बसायला आणि जमिनीवर लोळायला सांगावे, आणि पहिल्या धुण्यानंतर तो पुन्हा उलटा करून प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ओढत शेवटपर्यंत तपासावी. तुटलेला टाका सापडला तर तेवढीच जागा मागेपुढे 3 सेंमी धरून पुन्हा शिवावी. कागदी नमुन्यावर तारीख, मुलाची उंची, कापडाचा ताण आणि पट्टीची लांबी लिहून तो जपून ठेवावा. पुढच्या वर्षी पायजम्याचा नमुना गुडघ्याच्या रेषेवर आडवा कापून दोन तुकड्यांमध्ये 5 ते 6 सेंमी कागद जोडावा आणि बाजूच्या रेषा पुन्हा सरळ आखून घ्याव्यात. लांबी फक्त तळाशी वाढवली तर पायाचे तोंड निमुळते होत जाते आणि टाच त्यातून बाहेर येत नाही. टी-शर्टची लांबीही काख आणि तळ यांच्या मध्यावर कापूनच वाढवावी, आणि गळ्याला हात लावण्याआधी डोक्याचे माप नव्याने घ्यावे.